मूल, गुन्हा आणि भरपाई: पुनर्स्थापक न्याय म्हणजे नेमकं काय?

अल्पवयीन मुलावरचं प्रकरण कोर्टात चालू असतं तेव्हा तिथे सर्वांत कमी बोलतात ती दोन माणसं: ज्याने गुन्हा केला तो मुलगा, आणि ज्याचं नुकसान झालं ती व्यक्ती. मुलाला वकील सांगतो, तू गप्प राहा, मी बोलतो. पीडित व्यक्ती साक्षीदार म्हणून येते, विचारलं तेवढंच सांगते आणि निघून जाते. बाकी बोलतात ते वकील, न्यायाधीश, पोलीस आणि परिवीक्षा अधिकारी (प्रोबेशन ऑफिसर). यथावकाश निकाल लागतो. त्यानंतरही आपण कोणाचं काय बिघडवलं हे मुलाला कळलेलं असेलच असं नाही. पीडित व्यक्तीला तिच्या प्रश्नांची उत्तरं मिळालेली असतील याचीही खात्री नसते.

या रचनेला कारण आहे. गुन्ह्याचा निवाडा सरकारने स्वतःकडे घेतला तो सूडाची साखळी तुटावी म्हणून, आणि बळकट माणसाने दुबळ्याला दमदाटी करून प्रकरण दाबू नये म्हणून. ते मोठंच काम आहे आणि मोडीत काढण्यासारखं मुळीच नाही. पण ते करताना एक गोष्ट हातून निसटली. नॉर्वेचे गुन्हेशास्त्रज्ञ नील्स क्रिस्टी यांनी १९७७ साली ती ठामपणे मांडली. त्यांचं म्हणणं असं की तंटा हा मुळात त्यात गुंतलेल्या माणसांचा असतो. राज्यसंस्था आणि वकील मंडळी तो त्यांच्याकडून काढून घेतात. पीडिताचं तर दोनदा नुकसान होतं. एकदा गुन्ह्यामुळे, आणि पुन्हा स्वतःच्याच प्रकरणात त्याला बोलायला जागा उरत नाही म्हणून.

पुनर्स्थापक न्याय, म्हणजे रिस्टोरेटिव्ह जस्टिस, ही जागा त्यांना परत देऊ पाहतो. अमेरिकेतले अभ्यासक हॉवर्ड झेर यांनी त्यातला फरक प्रश्नांच्या रूपात समजावला. नेहमीचा फौजदारी खटला विचारतो: कोणता कायदा मोडला गेला, तो कोणी मोडला, आणि त्याला काय शिक्षा व्हायला हवी? पुनर्स्थापक न्याय विचारतो: कोणाला इजा झाली, त्याला आता कशाची गरज आहे, आणि ती भागवण्याची जबाबदारी कोणाची?

हे तत्त्व उदाहरणाशिवाय फार गोड वाटतं, म्हणून एक कल्पित प्रसंग घेऊ. पंधरा वर्षांच्या एका मुलाने दोन मित्रांबरोबर एकट्या राहणाऱ्या बाईंचं घर फोडलं. बाई बाहेर गेल्या होत्या. मुलांनी लॅपटॉप आणि थोडे पैसे नेले, कपाटं उचकटली आणि पळाली. चोरीला गेलेल्या वस्तूंची किंमत पोलिसांच्या कागदांत येते. बाईंना आता रात्री झोप लागत नाही, कुलूप पुन्हा पुन्हा ओढून पाहावं लागतं, त्या लॅपटॉपमध्ये वारलेल्या नवऱ्याचे फोटो होते, हे त्यात येत नाही. त्यांच्या मनात प्रश्न घोळतात. माझंच घर का? माझ्यावर पाळत ठेवली होती का? पुन्हा येतील का? या प्रश्नांची उत्तरं फक्त त्या तीन मुलांकडे आहेत. बरेचदा ती अगदी साधी निघतात: खिडकी उघडी दिसली, आत दिवा नव्हता, एवढंच. पण ते त्या मुलाच्या तोंडून ऐकणं वेगळं, आणि आपण मनाशी अंदाज बांधत राहणं वेगळं.

मुलाच्या डोक्यात तोवर स्वतःची एक समजूत तयार झालेली असते. घर रिकामं होतं, कोणाला हात लावला नाही, मित्रांनीच ओढून नेलं. कोर्टातल्या प्रक्रियेने या समजुतीला फारसा धक्का लागत नाही. आरोप नाकारायचा, तांत्रिक मुद्दे काढायचे, गप्प राहायचं, या सगळ्याने ती उलट पक्की होते. यात वकिलाचा दोष नाही; अशिलाचा बचाव करणं हे त्याचं कामच आहे. मात्र बाई समोर बसून फोटोंबद्दल बोलू लागतात तेव्हा ‘कोणाचं काही बिघडलं नाही’ हे वाक्य त्या मुलाला पुन्हा उच्चारणं जड जातं.

बैठक आणि तिच्या आधीचं काम

या न्यायाची बरीच रूपं आहेत. कुठे एक मध्यस्थ, पीडित आणि मूल एवढेच बसतात. कुठे दोन्हीकडची कुटुंबं, पोलीस, समाजसेवक अशी मोठी बैठक होते. कुठे वस्तीतली माणसं गोलाकार बसतात आणि प्रत्येकाला पाळीपाळीने बोलता येतं. पीडिताला समोरासमोर यायचं नसेल तर पत्रातून किंवा मध्यस्थामार्फत निरोपांतूनही हे होऊ शकतं.

एक अट जवळपास सगळीकडे सारखी आहे: मुलाने कृत्य मान्य केलेलं असलं पाहिजे, निदान नाकारलेलं नसलं पाहिजे. ‘मी हे केलंच नाही’ असं मूल म्हणत असेल तर बैठकीचा रस्ता बंद. गुन्हा घडला की नाही, कोणी केला, हे ठरवण्याची क्षमता बैठकीत नाही. त्यासाठी पुरावा, उलटतपासणी आणि न्यायाधीशच लागतात. पुनर्स्थापक न्याय कोर्टाची जागा घेतो असा समज ऐकू येतो, तो इथेच चुकतो. कोर्ट पाठीशी असतं म्हणूनच बैठक उभी राहू शकते.

लोकांना बैठक दिसते, पण खरं काम तिच्या आधी होतं. मध्यस्थ आधी मुलाला एकट्याला भेटतो. काय झालं ते त्याच्या शब्दांत ऐकतो, समोर कोण असेल आणि काय विचारलं जाईल ते सांगतो, त्याची यायची खरोखर तयारी आहे का ते चाचपतो. मग पालकांना भेटतो. ते कधी मुलाला पाठीशी घालायला निघालेले असतात, तर कधी सगळ्यांदेखत त्याला फोडून काढायला. दोन्ही प्रकार बैठकीचं वाटोळं करतात. पीडिताकडे तो स्वतंत्रपणे जातो. यायलाच हवं असं काही नाही, मध्येच उठून जाता येईल, सोबत कोणालाही आणता येईल, हे स्पष्ट करतो. तिला काय हवंय आणि काय ऐकलं तर ते सहन होणार नाही, हेही विचारतो. या भेटींना कित्येक आठवडे लागू शकतात. जिथे हा वेळ दिला जात नाही तिथे बैठक न घेतलेलीच बरी, असं माझं स्पष्ट मत आहे, आणि त्यामागचा पुरावा पुढे येतोच.

बैठकीत बहुधा मूल आधी बोलतं. काय घडलं, त्या वेळी डोक्यात काय होतं, नंतर काय वाटलं, कोणाकोणावर परिणाम झाला असेल. मग पीडित व्यक्ती. मग दोघांबरोबर आलेली माणसं. अनुभवी मध्यस्थ सांगतात की मुलाच्या चेहऱ्यावरचा सगळ्यात मोठा बदल कित्येकदा पीडिताच्या बोलण्याने होत नाही, तर शेजारी बसलेली त्याची स्वतःची आई किंवा आजी बोलू लागते तेव्हा होतो. नंतर गाडी पुढच्या प्रश्नावर येते: आता काय करायचं? त्यातून लेखी करार तयार होतो. माफी, नुकसानीची भरपाई, पीडितासाठी किंवा समाजासाठी ठरावीक तास काम, शाळेत परत जाणं, व्यसनावर उपचार, विशिष्ट मित्रांपासून दूर राहणं, असं काहीही त्यात येऊ शकतं. प्रत्येक गोष्ट कधीपर्यंत व्हायची आणि ती झाली हे कोण तपासणार, तेही लिहिलं जातं. करार पाळला तर प्रकरण बहुतेक ठिकाणी तिथेच संपतं. पाळला नाही तर ते सरकारी वकिलाकडे किंवा कोर्टाकडे परत जातं.

मुलांच्याच कायद्यात हे एवढं का रुजलं?

मोठ्यांच्या गुन्ह्यांतही ही पद्धत वापरली जाते. तरी ती सर्वांत आधी आणि सर्वांत खोल रुजली ती अल्पवयीनांच्या कायद्यात. त्याची कारणं मुलांच्या वाढीत आहेत.

किशोरवयात उत्तेजना आणि बक्षीस शोधणारी मेंदूची यंत्रणा जोरात असते, तर आवेग रोखणारा आणि परिणामांचा विचार करणारा मेंदूचा पुढचा भाग विशीच्या मध्यापर्यंत घडतच राहतो. त्यात मित्र बघत असले की धोका पत्करण्याची ओढ आणखी वाढते. म्हणूनच मुलांचे गुन्हे मोठ्या प्रमाणात टोळक्याने होतात. दुसरी बाजू अशी की यातली बहुसंख्य मुलं वाढत्या वयाबरोबर आपणहून गुन्हे करायचं सोडतात. मानसशास्त्रज्ञ टेरी मॉफिट यांनी १९९३ साली केलेली विभागणी आजही वापरली जाते: किशोरवयापुरतेच गुन्हे करणारा मोठा गट, आणि लहानपणापासून सुरुवात करून पुढे आयुष्यभर तेच करत राहणारा अगदी छोटा गट. कायद्याने त्या मोठ्या गटावर जन्मभराचा शिक्का मारला तर आपणहून बाहेर पडू शकणारी मुलं आतच अडकतात.

ही नुसती भीती नाही. मुलांना औपचारिक खटल्यातून नेण्याचा परिणाम काय होतो, हे तपासणारे २९ प्रयोग एकत्र करून २०१० साली एक मोठा आढावा घेतला गेला. त्यात असं दिसलं की खटल्यामुळे पुढचे गुन्हे कमी झाले नाहीत. उलट कल थोडा वाढीकडेच होता. कोर्टात उभं केलं की मूल घाबरून सुधारेल, या समजुतीला त्यातून आधार मिळत नाही.

मग लाज वाटायला नको का? हवी. ऑस्ट्रेलियाचे जॉन ब्रेथवेट यांनी १९८९ साली मांडलेला विचार इथे पायाभूत आहे. लाज दोन तऱ्हांची असते, असं ते म्हणतात. एक माणसाला कायमचं बाहेर टाकते: तू चोर आहेस. दुसरी कृत्याचा धिक्कार करते आणि माणसाला आत घेते: तू जे केलंस ते वाईट होतं, तू आमचाच आहेस आणि आता ते निस्तर. पहिल्या तऱ्हेने मूल त्याच्यासारख्याच बाहेर टाकलेल्यांकडे जातं. दुसरी लाज ज्यांचं मत मुलाला महत्त्वाचं वाटतं त्यांच्यासमोरच काम करते. बैठकीत कुटुंबाला बोलावण्यामागे हे कारण आहे.

आंतरराष्ट्रीय कायद्यानेही याला वाट करून दिली. संयुक्त राष्ट्रांचे १९८५चे बीजिंग नियम आणि १९८९चा बालहक्क करार यांनी असं ठरवलं की योग्य असेल तिथे मुलांची प्रकरणं न्यायालयीन प्रक्रियेबाहेर हाताळावीत, मात्र मुलांचे मानवी हक्क आणि कायद्याची संरक्षणं जपूनच. मुलाला डांबून ठेवणं हा शेवटचा उपाय असावा आणि तोही कमीत कमी काळासाठी, असं करारात स्पष्ट म्हटलं आहे. २००२ साली संयुक्त राष्ट्रांच्या आर्थिक व सामाजिक परिषदेने पुनर्स्थापक न्यायाची मूलतत्त्वं स्वीकारली.

एल्मायरापासून न्यूझीलंडपर्यंत

आधुनिक पद्धतीची सुरुवात बहुतेक अभ्यासक कॅनडातल्या एका छोट्या गावापासून मोजतात. १९७४ साली ओंटारिओ प्रांतातल्या एल्मायरा इथे दोन तरुणांनी दारूच्या नशेत एका रात्रीत २२ ठिकाणी नासधूस केली. गाड्यांचे टायर फाडले, काचा फोडल्या. त्यांच्या प्रकरणावर काम करणाऱ्या परिवीक्षा अधिकाऱ्याने न्यायाधीशांना सुचवलं की या दोघांना नुकसान झालेल्या लोकांना प्रत्यक्ष भेटायला लावावं. कायद्यात असं काही नव्हतं, तरी न्यायाधीश शेवटी तयार झाले. दोघे घरोघर गेले, दारं वाजवली, आम्हीच ते केलं असं सांगितलं, आणि पुढच्या काही महिन्यांत भरपाई दिली. त्यातून पीडित आणि गुन्हेगार यांच्यात समेट घडवणारे कार्यक्रम उभे राहिले.

एका न्यायाधीशाच्या धाडसावर चाललेली ही गोष्ट कायद्याच्या केंद्रस्थानी आणली ती न्यूझीलंडने. तिथल्या मूलनिवासी माओरी समाजाची मुलं सरकारी संस्थांमध्ये फार मोठ्या संख्येने डांबली जात होती. मुलाचा निर्णय त्याच्या कुळाला आणि कुटुंबाला न विचारता अनोळखी अधिकारी घेतात, ही माओरींची जुनी तक्रार होती. १९८०च्या दशकात ती सरकारी अहवालातही नोंदली गेली, आणि १९८९च्या मुलांविषयीच्या कायद्याने ‘फॅमिली ग्रुप कॉन्फरन्स’, म्हणजे कुटुंबाची बैठक, युवा न्यायाचा कणा केली. हा कायदा आज ओरांगा तामारिकी कायदा या नावाने ओळखला जातो.

तिथली व्यवस्था बारकाईने पाहण्यासारखी आहे. किरकोळ आणि मध्यम गुन्ह्यांची बहुसंख्य प्रकरणं पोलिसांचं खास युवा पथकच ताकीद देऊन किंवा छोटी योजना आखून मिटवतं. त्याहून गंभीर प्रकरणं बैठकीकडे जातात. खून आणि मनुष्यवध मात्र याबाहेर असतात. बैठकीला समन्वयक असतो. मूल, त्याचं विस्तारित कुटुंब, पीडित आणि त्याची सोबतीची माणसं, पोलीस, आणि कोर्टाने पाठवलेलं प्रकरण असेल तर मुलाचा वकील, असे सगळे येतात. माहिती सांगून झाली की बाकीचे बाहेर जातात आणि कुटुंबाला एकांत दिला जातो. आपल्या मुलासाठी काय करायचं याचा पहिला मसुदा कुटुंबच करतं. मला या व्यवस्थेतली ही सर्वांत शहाणी गोष्ट वाटते. पुढचे कित्येक महिने मुलावर लक्ष ठेवणार आहेत ते घरचेच, आणि बाहेरच्यांनी लादलेल्या योजनेपेक्षा स्वतः आखलेली योजना माणूस जास्त मनापासून राबवतो. मसुदा सर्वांना पटला तर ठराव होतो. योजना नीट पार पडल्यावर युवा न्यायालय मुलाची अशी मुक्तता करू शकतं, जणू आरोप कधी ठेवलाच गेला नव्हता. २००८पासून माओरींच्या पारंपरिक सभास्थानी, म्हणजे मराएवर, रांगाताही न्यायालयं भरू लागली. तिथे या योजनांवर देखरेख होते.

आता बैठकीआधीच्या तयारीबद्दल मी ज्याचा उल्लेख केला, त्या पुराव्याकडे. न्यूझीलंडच्या पहिल्या काही वर्षांच्या अनुभवावर गॅब्रिएल मॅक्सवेल आणि अ‍ॅलिसन मॉरिस यांनी १९९३ साली केलेला अभ्यास डोळे उघडणारा होता. निम्म्याहून कमी बैठकांना पीडित आले होते, आणि आलेल्यांपैकी सुमारे एक चतुर्थांश लोकांना नंतर आधीपेक्षा वाईट वाटलं. न येण्याचं कारण काय? मुलाला भेटायचंच नाही असं अगदी थोड्यांनी सांगितलं. बाकीच्यांना बोलावणंच नीट गेलं नव्हतं किंवा वेळ त्यांना जमणारी नव्हती. म्हणजे अडथळा पीडितांच्या मनात नव्हता. त्यांच्याकडे आधी कोणी धड गेलंच नव्हतं.

उत्तर आयर्लंडने वेगळ्या कारणाने हाच रस्ता धरला. दशकांच्या हिंसाचारानंतर १९९८चा शांतता करार झाला, फौजदारी व्यवस्थेची फेरतपासणी झाली आणि २००२च्या कायद्याने युवा बैठका आल्या. तिथे दोषी ठरलेल्या मुलाचं प्रकरण, काही अतिगंभीर गुन्हे सोडले तर, मुलाच्या संमतीने बैठकीकडे पाठवणं कोर्टावर बंधनकारक आहे. न्यायाधीशाच्या मर्जीवर ते सोडलेलं नाही, हे महत्त्वाचं. जिथे मर्जीवर सोडलं जातं तिथे ही संधी नेमकी कोणत्या मुलांना मिळते आणि कोणाला मिळत नाही, हा प्रश्न उरतोच. कॅनडात एप्रिल २००३पासून लागू असलेला कायदा असं गृहीत धरतो की पहिलाच आणि अहिंसक गुन्हा असेल तर कोर्टाबाहेरचे उपाय पुरेसे आहेत. दक्षिण आफ्रिकेच्या २००८च्या बाल न्याय कायद्यात पुनर्स्थापक न्यायाचा नावानिशी उल्लेख आहे.

भारताचा २०१५चा बाल न्याय कायदा अर्ध्या वाटेवर आहे. विधिसंघर्षग्रस्त बालकाला, म्हणजे गुन्हा केल्याचा आरोप असलेल्या किंवा तो केलेल्या मुलाला, शक्य तिथे न्यायालयीन प्रक्रियेबाहेर ठेवावं आणि त्याला नव्याने सुरुवात करू द्यावी, ही तत्त्वं कलम ३मध्ये आहेत. बाल न्याय मंडळ समज देणं, गट समुपदेशन, समाजसेवा असे आदेश देऊ शकतं. पण पीडिताला बोलावून घ्यायच्या बैठकीची कार्यपद्धती त्यात नाही. मुलाच्या सुधारणेचा विचार आहे, पीडिताचा जवळपास नाही. आणि सोळा ते अठरा वयोगटातल्या मुलांनी घोर गुन्हा केला असेल तर त्यांच्यावर मोठ्यांप्रमाणे खटला चालवायची वाट त्याच कायद्याने उघडली.

उपयोग होतो का?

पीडितांच्या समाधानाबद्दल उत्तर बऱ्यापैकी ठाम आहे. ऑस्ट्रेलियाच्या कॅनबेरा शहरात १९९५पासून काही वर्षं चाललेल्या प्रयोगात प्रकरणं चिठ्ठ्या टाकल्यासारखी कोर्ट आणि बैठक यांत वाटली गेली. त्या आणि ब्रिटनमधल्या तशाच प्रयोगांत बैठकीला आलेले पीडित कोर्टातल्या पीडितांपेक्षा जास्त समाधानी दिसले, त्यांची सूडाची इच्छा कमी झाली, त्यांना माफीही जास्त प्रमाणात मिळाली.

मुलं पुन्हा गुन्हा करतात का, यावर चित्र मिश्र आहे. २०१३ साली दोन आढावे आले. सर्व वयांच्या गुन्हेगारांवरचे १० प्रयोग पाहणाऱ्या आढाव्याला पुढचे गुन्हे माफक प्रमाणात घटलेले दिसले, आणि हिंसक गुन्ह्यांत परिणाम चोरीपेक्षा जास्त होता. फक्त तरुण गुन्हेगारांवरचे ४ प्रयोग पाहणाऱ्या दुसऱ्या आढाव्याला ठोस फरक सापडला नाही; आणखी चांगले अभ्यास हवेत, असं त्याने म्हटलं. त्यानंतरचा एक चांगला अभ्यास सॅन फ्रान्सिस्कोचा आहे, २०२४ साली प्रसिद्ध झालेला. १३ ते १७ वर्षांच्या, बऱ्यापैकी गंभीर गुन्ह्यांतल्या मुलांपैकी कोणाला बैठकीची संधी द्यायची हे यादृच्छिकपणे ठरवलं गेलं. संधी मिळालेल्या गटात सहा महिन्यांच्या आत पुन्हा अटक होण्याचं प्रमाण १९ टक्के बिंदूंनी कमी होतं, आणि हा फरक चार वर्षांनंतरही टिकून होता. हा कार्यक्रम बैठकीपुरता नव्हता. करार पुरा करेपर्यंत मुलाबरोबर एक कार्यकर्ता होता.

हिंसक गुन्ह्यांत परिणाम जास्त, ही गोष्ट थांबून पाहावी अशी आहे. बहुतेक सरकारं ही पद्धत भिंती रंगवून खराब करणं, किरकोळ चोरी अशा प्रकरणांसाठी राखून ठेवतात. पण दुकानातल्या चोरीत समोर बसून आपली जखम सांगणारं माणूसच कित्येकदा नसतं. जिथे कोणीतरी खरोखर दुखावलं गेलंय तिथे बैठकीत बोलण्यासारखं काही असतं.

जिथे पाय घसरतो

‘ऐच्छिक’ हा शब्द मुलाच्या बाबतीत जपून वापरावा लागतो. नाही म्हटलं तर खटला, ही टांगती तलवार डोक्यावर असताना दिलेली संमती कितपत खुली? न केलेला गुन्हाही मूल लवकर सुटका व्हावी म्हणून कबूल करू शकतं. त्यामुळे बैठकीआधी वकिलाचा सल्ला मिळणं, पुरावा खटला भरण्याइतका आहे का हे कोणीतरी तपासणं, आणि बैठकीत बोललेलं पुढे मुलाविरुद्ध पुरावा म्हणून न वापरणं, या तीन गोष्टी कायद्यात स्पष्ट हव्यात. भरपाई आईवडिलांनी परस्पर भरून टाकली तर मुलाच्या हाती काहीच उरत नाही, आणि गरीब घरातलं मूल मात्र अडकतं. तिथे कामाच्या तासांचा पर्याय असावा लागतो. शिवाय पूर्वी पोलीस दोन शब्द सुनावून सोडत अशी क्षुल्लक प्रकरणंही ‘चांगला कार्यक्रम आहे’ म्हणून आत ओढली जाऊ लागतात. मग मदतीच्या नावाखाली उलट जास्त मुलं यंत्रणेत येतात.

सर्वांत कमी बोलली जाणारी अडचण भाषेची आहे. ही सारी पद्धत बोलण्यावर उभी आहे. घडलेलं क्रमाने सांगायचं, भावनेला शब्द द्यायचा, समोरच्याचं म्हणणं पकडून उत्तर द्यायचं. ऑस्ट्रेलियाच्या पामेला स्नो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तरुण गुन्हेगारांची तपासणी केली तेव्हा सुमारे निम्म्यांमध्ये भाषिक क्षमतेचा ठळक अभाव आढळला, आणि तो आधी कोणाच्या लक्षातही आला नव्हता. असं मूल बैठकीत काय करतं? खाली बघतं, खांदे उडवतं, ‘माहीत नाही’ म्हणतं. समोरच्या दुखावलेल्या माणसाला वाटतं, याला काडीचा पश्चात्ताप नाही. तो पेटतो, मूल आणखी मिटतं, आणि दोघंही आधीपेक्षा वाईट अवस्थेत घरी जातात. यावर उपाय आहेत: छोटे प्रश्न, आधी सराव, चित्र काढू देणं, पत्र लिहायला मदत, गरज असेल तिथे वाचा-भाषा तज्ज्ञ. सगळे उपाय तयारीच्या वेळात बसतात. तो वेळ छाटला की सर्वांत आधी हीच मुलं मार खातात.

आणि मग लैंगिक गुन्हे. इथे माणसांची मनं सर्वांत जास्त दुभंगतात, आणि ते योग्यही आहे. पीडित मुलीला त्याच मुलासमोर बसवणं म्हणजे पुन्हा छळ, घरच्यांचा दबाव, लाजेखातर प्रकरण मिटवण्याची घाई. न्याय बंद दाराआड ढकलला गेला की त्यात बळी कोण जातं, हे स्त्रियांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहिलेलं आहे. म्हणून बऱ्याच देशांनी हे गुन्हे बैठकीबाहेर ठेवले. साउथ ऑस्ट्रेलियाने अल्पवयीनांच्या बाबतीत ते बाहेर ठेवले नाहीत, त्यामुळे तुलना शक्य झाली. कॅथलीन डेली यांनी तिथल्या अल्पवयीन आरोपींच्या जवळजवळ ४०० लैंगिक प्रकरणांची कागदपत्रं तपासून २००६ साली निष्कर्ष मांडले. कोर्टात गेलेल्या प्रकरणांपैकी जेमतेम निम्मी सिद्ध झाली. बाकीची मागे घेतली गेली किंवा बारगळली, म्हणजे त्या पीडितांच्या पदरी काहीच पडलं नाही. बैठकीकडे गेलेल्या प्रकरणांत मुलाने कबुली दिलेली असणं ही पहिलीच अट होती, त्यामुळे निदान ‘हे माझ्याशी घडलं’ यावर शिक्कामोर्तब झालं, आणि लैंगिक वर्तनावरच्या खास समुपदेशनाकडे ती मुलं जास्त प्रमाणात पोहोचली.

या अभ्यासामुळे सरसकट दार उघडावं असं मी म्हणणार नाही. पण सरसकट बंद ठेवण्याचा निर्णयही त्या मुलीला न विचारताच घेतलेला असतो. तिने मागितलं, तिच्यावर घरचा किंवा बाहेरचा दबाव नाही हे स्वतंत्र व्यक्तीने एकांतात तपासलं, मुलाचा उपचार आधी सुरू झाला, आणि मध्यस्थ याच कामात तयार झालेला असला, तर तिला तो पर्याय नाकारण्याचं कारण मला दिसत नाही. यातली एकही अट अपुरी असेल तर प्रकरण कोर्टातच राहावं, आणि कोर्टाने तिला तिथे अधिक बोलू द्यावं.